पस्तीस मिलीमीटर

मालोजीचा पाय अडखळला तेव्हा अकरा वाजून दहा मिनिटं झाली होती. जिना संपला असं त्याच्या पायाने धरलं होतं आणि तो संपलेला नव्हता. बुटाचं टोक ग्रॅनाइटच्या कडेवर आपटलं, अंग पुढे गेलं, डाव्या हाताने कठडा पकडला, आणि कठड्याच्या पोकळ नळीतून एक थरथरता आवाज खालच्या दालनापर्यंत उतरला. तो पडला नाही. "अय्यो," म्हणाला. सव्वीस वर्षं परदेशात राहूनही तोंडातून तेच आलं, आणि त्याचं त्यालाच हसू आलं. त्याच्या मागे तीन पायऱ्या खाली उभ्या असलेल्या पुरुषोत्तमला हे होणार हे आधीच ठाऊक होतं. मधल्या टप्प्यापासून तो मनात मोजत होता. एकोणीस, वीस, एकवीस. एकविसाव्या पायरीवर भावाचं पाऊल पडलं तेव्हा 'जपून' हा शब्द त्याच्या जिभेवर तयार होता, आणि त्याने तो गिळला. जपून म्हटलं असतं तर का म्हटलं हे सांगावं लागलं असतं. म्हणजे धाकट्या भावाचा पाय मोडला असता तरी आपल्याला चाललं असतं का? कागदावरच्या रेषेची जाडी तपासावी तसा हा प्रश्न त्याने तपासून पाहिला. उत्तर होय असंच येत होतं.

"पप्पा, तुमचं वय झालं," रक्षिता वरून म्हणाली. ती आधीच वर पोचली होती. मग तिचं तिलाच काहीतरी आठवलं. "थांबा, थांबा. मला पण लागलं होतं इथं." आणि ती वरच्या मजल्याच्या कडेवर सरळ मांडी घालून बसली, येणाऱ्या-जाणाऱ्या कारकुनांची पर्वा न करता, आणि पिशवीतून मोजपट्टी काढली. रॉटरडॅमला ती वास्तुकलेच्या तिसऱ्या वर्षाला होती आणि मोजपट्टी तिच्याकडे इतर मुलींकडे कंगवा असावा तशी असायची. तिने खालून वर तीन पायऱ्या मोजल्या. "दीडशे. दीडशे. आणि ही..." तिने पट्टी पुन्हा लावली, वाकून आकडा वाचला. "एकशे पंच्याऐंशी. दोड्डप्पा, हे बघा. पस्तीस मिलीमीटर जास्त. कुणीतरी मोठा घोळ केलाय." थोरल्या काकांना दोड्डप्पा म्हणायचं हे बेंगळुरूच्या जुन्या मराठी घरांतलं वळण. मालोजीने ते रॉटरडॅमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरातही टिकवून धरलं होतं.

"होतं असं बांधताना," पुरुषोत्तम म्हणाला. "मेस्त्री लोकांचं काम."

हे बोलून झाल्यावर त्याच्या लक्षात आलं की हे वाक्य त्याने आज पहिल्यांदा उच्चारलं. आठ वर्षांपूर्वी ते दुसऱ्यांनी उच्चारलं होतं आणि तो फक्त गप्प बसला होता. गप्प बसणं आणि बोलणं यांत अंतर आहे असं त्याने आठ वर्षं धरून ठेवलं होतं. ते अंतर आत्ता एका वाक्यात संपलं, सहज, खोकला यावा तसं. त्याने कठड्याला हात लावला नाही. वर चढताना उजवा पाय गरजेपेक्षा जास्त उचलला गेला. मग त्याला दिसलं की त्या इमारतीत काम करणारा प्रत्येक माणूस तसाच चढतो. फायली घेतलेली एक बाई गप्पा मारत आली, शेवटच्या पायरीशी तिचं पाऊल नकळत किंचित उंच उठलं आणि ती पुढे गेली, वाक्य न तोडता. आठ वर्षं, दिवसातून तीन-चार वेळा, दीडशे माणसं. हिशेब करायची सवय होती म्हणून त्याने तो करायला घेतला आणि अर्ध्यावर सोडून दिला.

मंदार चेंबर्स ही रेसिडेन्सी रोडच्या मागच्या गल्लीतली पाच मजली इमारत. पुरुषोत्तम ज्यांच्या कचेरीत एकतीस वर्षं ड्राफ्ट्समन होता त्या त्रिविक्रम साहेबांची ही पहिली मोठी इमारत, गिलावा न केलेल्या काँक्रीटची, पुढून सगळी काच. साहेब पेन्सिलीने कल्पना काढत, आणि पुरुषोत्तम ती ट्रेसिंग कागदावर शाईने मापात बसवी. कागदाच्या उजव्या खालच्या कोपऱ्यात एक चौकट असे, तीत साहेबांचं नाव ठळक आणि त्याच्याखाली 'रेखाटन' या शब्दासमोर त्याची दोन अक्षरं. ही अक्षरं रक्षिताला ठाऊक होती. गेली पंधरा वर्षं तो मालोजीला पत्रांतून लिहीत आला होता, अमुक रस्त्यावर अमुक इमारत, जिना मी काढला, खिडक्या मी काढल्या. लहानपणी ती पत्रं तिला वाचून दाखवली जात. या वर्षी येताना तिने त्यांतून सगळ्या इमारतींची यादी केली होती, अकरा नावं, आणि वहीच्या वरच्या ओळीत लिहिलं होतं, 'दोड्डप्पांचं शहर'. मंदार चेंबर्सचं पत्र त्याने मे नव्वदमध्ये लिहिलं होतं, जिना ओतून झाल्याच्या आनंदात, आणि नंतर दुरुस्तीचं पत्र काही त्याने लिहिलं नाही. सकाळी निघतानाच त्याने ते नाव गाळायचा प्रयत्न केला होता. "तिथं वॉचमन आत सोडत नाही," तो म्हणाला. "अण्णा, तुला सोडणार नाही?" मालोजी म्हणाला. "तू बांधलीस ती!" वॉचमनने सोडलं. कोण, कुठले, काहीसुद्धा विचारलं नाही.

सकाळपासून तीन इमारती पाहून झाल्या होत्या. जानेवारीचं स्वच्छ ऊन होतं, भाड्याची पांढरी गाडी, आणि रक्षिता खिडकीला नाक लावून बसलेली. तिला जुनं काही पाहायचं नव्हतं, देवळं नाहीत, राजवाडा नाही. नवं दाखवा, म्हणाली. महादेवपुऱ्याकडे शेतांच्या मधोमध संगणकवाल्यांसाठी काचेची इमारत उभी राहत होती, तीसुद्धा तिने धुळीत उभं राहून कागदावर उतरवली. परतताना तिने बोट दाखवून विचारलं, इथं काय होतं, तिथं काय होतं, आणि पुरुषोत्तम सांगत गेला. इथं कौलारू बंगला, पुढे जांभळाची झाडं. इथं एका पारश्याचं बेकरीचं दुकान. इथं तळं. "आमचं शहर बंदराचं म्हणून त्यावर बॉम्ब टाकले," ती म्हणाली, "पाव तासात सगळं गेलं. मग नवं बांधलं. मला शाळेत नेहमी हेच शिकवलं, की आमच्या शहराला जुनं नाही कारण ते जर्मनांनी पाडलं. तुमचं कुणी पाडलं, दोड्डप्पा?" ती टोमणा मारत नव्हती, तिला खरंच माहिती हवी होती. मालोजी मोठ्याने हसला. "तुझ्या दोड्डप्पानंच," म्हणाला. "ब्लेड घेऊन." ड्राफ्ट्समन लोक शाईची रेषा ब्लेडने खरवडून काढतात हे त्याला माहीत होतं, तेवढ्यावरून केलेला विनोद. पुरुषोत्तमही हसला. पण त्याच्या उजव्या हाताचा अंगठा आणि पहिलं बोट आपोआप एकमेकांना लागलं, मध्ये अर्धं ब्लेड धरल्यासारखं.

ट्रेसिंग कागद खरवडताना ब्लेड सपाट धरायचं. टोकाने खरवडलं तर कागद फाटतो. शाई भुकटी होऊन वर येते, ती फुंकायची नाही, पिसाने झटकायची. मग त्या जागी नखाची पाठ घासायची, नाहीतर खरखरीत झालेल्या कागदावर नवी शाई फुटते. हे सगळं त्याने त्या दिवशी नेमकं केलं. ऑगस्टमधला गुरुवार, दुपारी दीड ते दोन, बाकीचे जेवायला गेलेले. खरं तर चूक फार साधी होती. एप्रिलमध्ये मालकाने ठरवलं की वरच्या मजल्यांवर मोझॅइकऐवजी जाड ग्रॅनाइट घालायचा. त्याने जमीन पस्तीस मिलीमीटर वर येणार होती. साहेब कचेरीतून निघता निघता, एक हात दाराला लावून म्हणाले, "पुरुषोत्तम, जिन्याचा आकडा बदला, बावीस पायऱ्यांत वाटून टाका." तो "सरी, साहेब," म्हणून होकार देऊन मोकळा झाला. दुसऱ्या दिवशी मेस्त्रींच्या बायकोने, सकवारमामींनी, निरोप पाठवला की साइटवर जिन्याची प्रिंट आजच हवी, फळ्या लावून मेस्त्री बसलेत, आणि त्याने आकडा न बदलता प्रिंट काढून दिली. विसरला. एवढंच. पायऱ्या दीडशेच्या मापाने ओतल्या गेल्या, महिन्या-दोन महिन्यांनी दुसऱ्याच लोकांनी येऊन वर ग्रॅनाइट बसवला, आणि सगळी वाढ शेवटच्या पायरीच्या वाट्याला आली. उद्घाटनानंतर चौथ्या दिवशी एक कारकून बाई पडल्या. मनगट मोडलं. साहेबांनी शुक्रवारी सगळ्यांना बोलावलं. गुरुवारी दुपारी पुरुषोत्तमने ट्रेसिंग काढून टेबलावर पसरलं आणि त्याच्या ध्यानात आलं की पन्नासास एक या मापात पस्तीस मिलीमीटर म्हणजे पाऊण मिलीमीटरसुद्धा नाही. रेषा हलवावीच लागत नव्हती. फक्त दोन आकडे. पायरीची उंची दीडशेची एकशे एक्कावन्न पूर्णांक सहा, आणि वरच्या मजल्याची पातळी. दहा मिनिटांचं काम.

पण ट्रेसिंग हे अर्धंच होतं. त्याच्यावरून काढलेली अमोनियाची प्रिंट साइटवर होती, विठोजी मेस्त्रींकडे. विठोजी म्हणजे त्याच्या आईच्या चुलत भावांपैकी, सगळं नातं त्यांना मामा म्हणायचं. बेंगळुरूतल्या आपल्या लोकांत जिना घडवावा तर विठोजीमामांनी, असं म्हणत. त्यांची ती कापडी पिशवी, तिच्यात ओळंबा, दोरी आणि घडी घालून घालून मऊ झालेल्या प्रिंटा. म्हणून आदल्या दिवशीच, बुधवारी संध्याकाळी पाच वाजता, पुरुषोत्तम मंदार चेंबर्सवर गेला होता. कुंपणाची भिंत चालू होती. "मामा, ती जिन्याची जुनी प्रिंट द्या, कचेरीत लागते," तो म्हणाला. विठोजींनी हात धोतराला पुसले, पिशवी उघडली, प्रिंट काढली, उलगडली, पुन्हा नीट घडी केली आणि त्याच्या हातात दिली. "स्वल्प थांब," म्हणाले आणि समोरच्या टपरीवरून चहा मागवला. तो चहा त्याने प्यायला. पुरावा हातात होता आणि तो बशीतून चहा पीत होता. पुढे अनेक वर्षं त्याला खरवडणं आठवायचं नाही, शुक्रवारची बैठकही नाही. आठवायचा तो चहा, त्यातलं जास्तीचं आलं, आणि आपण 'छान झालाय' म्हटलेलं.

शुक्रवारी साहेबांनी ट्रेसिंग पसरलं, आकड्यावर बोट ठेवलं. "एकशे एक्कावन्न पॉइंट सहा. पुरुषोत्तमने बदललंय. मी सांगितल्याप्रमाणे बदललंय. मग दीडशे कुठून आलं?" विठोजी म्हणाले, "प्रिंटमध्ये दीडशे होतं, साहेब." "प्रिंट कुठाय?" आणि विठोजींनी वळून पुरुषोत्तमकडे पाहिलं. किती वेळ पाहिलं हे सांगता येणार नाही. पंखा चालू होता आणि ट्रेसिंगचा एक कोपरा वर उचलला जाऊन पुन्हा खाली पडला, इतका वेळ. पुरुषोत्तमने मान खाली घातली. विठोजी पुढे एक शब्दही बोलले नाहीत. बस. या न बोलण्यावर पुरुषोत्तम आठ वर्षं जगला. विठोजीमामांना सगळं कळलं, त्यांनी आपल्या माणसाला साहेबांसमोर उघडं पाडलं नाही, असा त्याने त्या नजरेचा अर्थ लावला होता. म्हणजे जगात एक माणूस होता ज्याला खरं काय ते ठाऊक होतं आणि ज्याने ते पोटात घातलं होतं. हे एखाद्या जड वस्तूचं दुसरं टोक कुणीतरी उचलून धरावं तसं होतं. ओझं होतं, पण उचलता येत होतं. नंतर कचेरीतून विठोजींना जिन्याची कामं गेली नाहीत. पुरुषोत्तमने आपल्या परीने कुठे कुंपणाची भिंत, कुठे गच्चीची डागडुजी अशी कामं ओळखीने मिळवून दिली. लग्नाकार्यात तो त्यांच्या पंगतीला बसत नसे, पण वाकून नमस्कार करत असे. ते डोक्यावर हात ठेवत. तो हात त्याला दर वेळी पावतीसारखा वाटे.

"दोड्डप्पा, इथं उभे राहा ना," रक्षिता म्हणाली. तिला जिन्यावर त्याचा फोटो हवा होता. तो मधल्या टप्प्यावर उभा राहिला. तिने सांगितलं, वर या, अजून वर, तिथंच. तो एकविसाव्या पायरीवर उभा होता. कॅमेऱ्याने खट् आवाज केला. "कॉलेजात दाखवणार," ती म्हणाली. "हा माणूस आणि त्याचा जिना. आणि ती चुकलेली पायरी पण दाखवणार. आमचे सर म्हणतात, चूक सापडली की माणूस सापडतो. कोण होता तो मेस्त्री?" "आठवत नाही," पुरुषोत्तम म्हणाला. हे आजचं दुसरं वाक्य. पुढच्या वर्षी तो निवृत्त होणार होता. कचेरीत आता संगणक होते, पोरं त्यावर रेषा काढत आणि नको असलेली रेषा बोटाच्या एका दाबाने नाहीशी करत. खाली कागद नसतो, त्यामुळे खरखरीतपणा राहत नाही. तळघरातल्या पत्र्याच्या नळकांड्यांत जुनी ट्रेसिंगं गुंडाळून ठेवलेली होती. मंदार चेंबर्सचा जिना उजेडासमोर धरला तर दोन ठिकाणी कागद दुधट दिसतो. हे त्याने कधी करून पाहिलेलं नव्हतं, पण दिसतो हे त्याला माहीत होतं.

जेवण बाहेरच झालं. दुपारी गाडी राजाजीनगरकडे वळली तेव्हा पुरुषोत्तमला अडवायला काही सुचेना. हे आधीच ठरलेलं होतं. सकाळी जयनगरच्या घरातून निघताना त्याची बायको प्रेमा हिने चिरोट्यांचा डबा मालोजीच्या हातात दिला होता. "विठोजीमामांकडे चारला जा, मी निरोप धाडलाय. म्हातारे झालेत, पुढच्या खेपेला भेटतील-न-भेटतील." प्रेमाला काहीही माहीत नव्हतं. तीस वर्षांच्या संसारात तिला न सांगितलेली ही एकच गोष्ट, असं तो स्वतःला सांगत असे. गाडीत मालोजी जुन्या गोष्टी सांगत होता. विठोजीमामांनी त्याला लहानपणी ओळंबा कसा धरायचा ते शिकवलं होतं. रक्षिता वहीत शेवटच्या पायरीचं चित्र काढत होती. बाजूला बाण आणि आकडा. वही मिटून ठेव, एवढंच तिला सांगावं असं पुरुषोत्तमला वाटलं, आणि तेही त्याने सांगितलं नाही.

विठोजींचं घर दोन खोल्यांचं, त्यांनी स्वतः बांधलेलं, बाजूने गच्चीवर जाणारा उघडा जिना. भिंतीतून नुसत्या दगडी फळ्या बाहेर काढलेल्या, खाली आधार नाही, पानं फुटावीत तशा एकामागून एक. रक्षिता फाटकातच थांबली. "कसला सुंदर जिना," ती म्हणाली. "कोणी केला?" ओसरीवर खुर्चीत बसलेले विठोजी उठायला लागले. सत्तरी उलटलेली, डोळ्यांवर जाड काचा. "मीच की गं. या, या. मालोजी ना रे तू? सकवार, आली बघ ही मंडळी!" आतून सकवारमामी आल्या, पदराला हात पुसत. पुरुषोत्तमने वाकून नमस्कार केला. डोक्यावर हात आला. "ह्यालाच विचार मालोजी, ह्यानंच मला सांभाळलं," विठोजी म्हणाले. "कुठनं कुठनं कामं आणून दिली माझ्यासाठी. आपलं माणूस ते आपलं माणूस."

"अजून करता का तुम्ही जिने?" रक्षिताने विचारलं. ती पायरीवरून हात फिरवत होती.

"नाही गं. हा जुना. सोडले मी जिने. आठ वर्षं झाली."

"का?"

"एक चुकला माझा. मोठ्या बिल्डिंगचा. मंदार चेंबर्स म्हणून आहे."

"अय्या, आम्ही सकाळी तिथंच होतो!" रक्षिता म्हणाली, आणि वही उघडली. "ही बघा. एकशे पंच्याऐंशी."

विठोजींनी वही डोळ्यांजवळ धरली. चित्रातल्या आकड्यावरून त्यांनी बोट फिरवलं. मग त्यांनी मान वर केली. "कोण पडलं नाही ना?"

"मी अडखळलो, मामा," मालोजी हसत म्हणाला. "थोडक्यात वाचलो."

विठोजी खुर्चीचा हात धरून उठले, दोन पावलं आले आणि मालोजीचे दोन्ही हात आपल्या हातात घेतले. "माफ कर बा मला," म्हणाले. मालोजी गडबडून गेला. "मामा, काय हे. जाऊ द्या हो." पण ते सोडेनात. "जाऊ कसं देऊ? माझ्या डोळ्यांनी केलं ते. मला अजून दीडशे दिसतं. प्रिंट डोळ्यापुढे आणली की दीडशेच. पण साहेबांनी कागद दाखवला तर एकशे एक्कावन्न काहीतरी. शाईनं लिहिलेलं, मी बघितलं. मी ह्याच्याकडं बघितलं, म्हटलं, प्रिंट ह्याच्याकडं आहे, हा सांगेल, मामा बरोबर आहेत म्हणून. हा बिचारा खाली बघायला लागला. तेव्हा कळलं मला, की ह्यानं प्रिंट बघितलीय आणि चूक माझीच आहे, आणि मला चारचौघांत खाली पाहायला लावायचं नाही म्हणून हा गप्प आहे." ते पुरुषोत्तमकडे वळून हसले. "त्या दिवसापासून आकड्यावर विश्वास नाही बघ माझा. भिंतीचं माप असलं तरी सकवारकडनं दोनदा वाचून घेतो. ती चौथी शिकलीय." "आणि मी वाचलं तरी म्हणतात, परत वाच," सकवारमामी दारातून म्हणाल्या.

ओसरीवर ऊन तिरपं आलं होतं आणि शेजारी कुणीतरी नळाखाली बादली लावली होती, ती भरत जातानाचा आवाज वर वर चढत होता. पुरुषोत्तम त्या आवाजाकडे लक्ष देत राहिला. म्हणजे कुणीच उचललेलं नव्हतं दुसरं टोक. त्या नजरेत क्षमा नव्हती, समजूतही नव्हती, फक्त एक विचारणा होती. बरोबर आहे ना रे मी? आणि त्याने खाली बघून उत्तर दिलं होतं, नाही. आठ वर्षं ज्या मौनावर तो पाय देऊन उभा होता ते त्याचं एकट्याचंच होतं. विठोजी गप्प बसले ते त्याला वाचवायला नव्हे. त्यांचा स्वतःवरचा भरवसा त्या क्षणी गेला म्हणून. नोकरी गेली असती फार तर. साहेब ओरडले असते, महिनाभर. त्याच्या बदल्यात त्याने एका माणसाचे डोळे काढून घेतले होते, आणि त्या माणसाने उपकार म्हणून वर डोक्यावर हात ठेवला होता, दर लग्नात, आत्ता पाच मिनिटांपूर्वीही. आताही काही न बोलता चहा पिऊन उठता येणार होतं. ते त्याला अगदी स्वच्छ दिसत होतं. मामी आत आधण ठेवत होत्या. भाऊ शनिवारी परत जाणार होता. सत्तर वर्षांचा माणूस आणखी पाच-सहा वर्षं आकडे दोनदा वाचून घेईल, आणि मग वाचायला काही उरणार नाही. बादली भरली आणि कुणीतरी नळ बंद केला.

"मामा," पुरुषोत्तम म्हणाला. "दीडशेच होतं."

"काय?"

"प्रिंटमध्ये दीडशेच होतं. तुम्ही बरोबर होता. आकडा बदलायचा मी विसरलो होतो. ट्रेसिंग मी नंतर खरवडलं. तुमच्याकडून प्रिंट नेली ती त्याचसाठी नेली. फाडून टाकली."

मालोजी त्याच्याकडे पाहायला लागला आणि मग दुसरीकडे पाहायला लागला. रक्षिताच्या हातातलं पेन थांबलं. तिला सगळे शब्द कळले होते की नाही कुणास ठाऊक, पण 'मेस्त्री लोकांचं काम' हे सकाळचं वाक्य तिला कळलं होतं, आणि तिचे डोळे ते वाक्य त्याच्या तोंडावर शोधत होते. पुरुषोत्तम वाट पाहत होता. विठोजींनी ओरडावं. फाटकाकडे बोट दाखवावं. कशासाठीही तो तयार होता, आणि आपण तयार आहोत याचं त्याला थोडं समाधानही वाटलं, आणि त्या समाधानाची लगेच शिसारी आली.

विठोजींनी त्याच्याकडे पाहिलंच नाही. चष्मा काढून त्यांनी तो धोतराच्या टोकाने पुसला, पुन्हा लावला. त्यांचे ओठ हलत होते. "दीडशे," ते पुटपुटले. मग मोठ्याने, आतल्या बाजूला वळून, "सकवार! दीडशेच होतं गं! मला दिसलं होतं ते बरोबर होतं!" मामी दारात आल्या. त्यांच्या हातात रिकामे पेले होते. त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं, मग पुरुषोत्तमकडे पाहिलं, पुष्कळ वेळ, आणि पेले घेऊन तशाच उभ्या राहिल्या.

"म्हणजे काय झालं, अज्जा?" रक्षिताने हळूच विचारलं.

"सांगतो. बस इथं." विठोजींनी खुर्ची तिच्याकडे ओढली. आवाज तरुण झाला होता. "एप्रिल महिना. खालचा मजला झाला होता. सिमेंट मिळत नव्हतं तेव्हा, दोन दिवस ट्रकची वाट बघितली. मग जिन्याच्या फळ्या लावायला घेतल्या. मी, आणि एक तमिळ सुतार होता, चांगला माणूस, तो दोरी धरायचा..." ते एकेक दिवस नीट ओळीने लावत चालले होते, घाई न करता, आता सगळं जागच्या जागी बसणार हे ठाऊक असल्यासारखे. रक्षिता मान हलवत होती. पुरुषोत्तम ओसरीच्या कडेवर हात मांडीवर ठेवून बसला आणि ऐकू लागला. त्या हकिकतीत त्याचं नाव यायला अजून वेळ होता.